पथ्याचं मीठ

त्या इमारतीत कुणाचं दूध नासलं, कुणाचा भात करपला, कुणाचा केक मधोमध बसला, की पहिली हाक काकूंना जायची. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असे. बायका चपला बाहेर काढून थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. कुणाच्या हातात पातेलं, तर कुणाचे हात कोपरापर्यंत पिठात.

"काकू, मीठ जास्त झालंय हो. बटाटा टाकू का?" पहिल्या मजल्यावरची शिवणवाली विचारायची. तिचं मीठ आठवड्यातून एकदा तरी जास्त व्हायचंच.

"टाक, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. बटाटा आपल्यापुरतं खारं पाणी पितो, बाकीचं मीठ जिथल्या तिथे. त्यापेक्षा तेवढीच भाजी बिनमिठाची शिजव आणि यात मिसळ. दोन दिवस तेच खावं लागेल, पण आज भांडण होणार नाही."

"आणि परवा भात खाली लागला, तेव्हा?"

"तेव्हा उलथनं घालून ढवळलंस ना? तिथेच चुकलं. पातेलं ओल्या फडक्यावर ठेवायचं आणि वरचा भात अलगद काढून घ्यायचा. तळाशी काय आहे ते आपल्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. नवऱ्याला कशाला सांगायचं?"

बाहेरच्या खोलीतून लगेच आवाज यायचा, "नवरा इथेच बसलाय म्हटलं! आज आपल्या भाताच्या तळाशी काय आहे?"

हे काका. विजेचे मीटर वाचत त्यांनी एकतीस वर्षं लोकांचे जिने चढले होते. अजूनही सगळी वस्ती त्यांना मीटरवालेच म्हणायची. जिन्याच्या वळणावरच त्यांना कळायचं, कुठल्या घरात कांदा करपलाय आणि कुठे आज पाहुणे येणार आहेत. काकूंना त्यांनी 'चौकशीची खिडकी' असं नाव ठेवलं होतं. "आमच्या ऑफिसात चौकशीच्या खिडकीमागे माणूस कधी सापडला नाही," ते म्हणायचे, "आणि आमच्या घरातल्या खिडकीपुढची रांग कधी हटली नाही."

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. वडील गेल्यावर मामाच्या घरी वाढल्या आणि अकराव्या वर्षी मामीने त्यांना शेगडीपुढे उभं केलं. काही विचारलं की मामी म्हणायची, "देवाने डोळे कशाला दिलेत?" म्हणून त्या विचारायच्या नाहीत, बघायच्या. तेल तापलं की त्याच्यावर कशी लाट उमटते, पीठ मळून झालं की परातीला कसं चिकटेनासं होतं, सगळं बघून शिकल्या. कदाचित म्हणूनच दुसऱ्या कुणी विचारलं की त्या हातातलं काम टाकून सांगायच्या. आपण मात्र कुणाला काही विचारायचं असतं ही सवय त्यांना लागली नाही ती नाहीच.

स्वयंपाकघर लहान, पण आरशासारखं. गॅस पेटवताना मनातल्या मनात देवाचं नाव, एवढीच त्यांची पूजा. बाजारातून आणलेली कुठलीही पुडी त्या ओट्यावर ठेवायच्या नाहीत. घरात पाऊल ठेवलं की पिशवी रिकामी, जिन्नस बरणीत, बरणीचं झाकण घट्ट आणि पुडीचा कागद खालच्या कचऱ्यात. "पुड्या ठेवल्या की दमटपणा येतो, मुंग्या येतात आणि कामाला आळस येतो," हे त्या प्रत्येक नव्या सुनेला सांगायच्या. सगळ्या इमारतीत बरण्या वाढल्या त्या काकूंमुळेच.

आणि काका मिठाचे भोक्ते. पानात मीठ वाढलेलं नसेल तर त्यांना जेवण वाढलंय असंच वाटायचं नाही. काकडीला मीठ, कलिंगडाला मीठ. लग्नाच्या पहिल्या महिन्यात ते काकूंना म्हणाले होते, "मामीने तुला हात राखून शिकवलंय. जरा सैल सोड." काकूंनी सोडला, तो चाळीस वर्षं सैलच राहिला.

मग काकांच्या पायावर सूज आली. आधी बुटात पाय जाईना, मग चपलेचा पट्टा रुतायला लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बरीच थकली आहेत. आज-उद्या रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डायलिसिसवर जावं लागू नये असं वाटत असेल तर पथ्य पाळा. मीठ जवळजवळ बंद. बरोबर एक कागद दिला. त्यात काय खायचं याच्या चार ओळी आणि काय खायचं नाही हे पानभर. केळं नको, नारळाचं पाणी नको, सुका मेवा नको, टोमॅटो बेतानेच. बटाट्यासारख्या भाज्यांतून पोटॅशियम नावाचं काहीतरी काढून टाकायचं, म्हणजे भाजी बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात तास-दोन तास भिजवायची, ते पाणी ओतायचं, नव्या पाण्यात उकडायची आणि तेही पाणी ओतायचं.

काकूंनी कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि कामाला लागल्या. सकाळी सहाला बटाटे चिरून पाण्यात. आठला पाणी बदलायचं, नऊला पुन्हा, उकडल्यावर तिसऱ्यांदा. मोरीत ते गढूळ पाणी ओतताना त्यांना बरं वाटायचं. काहीतरी वाईट आपल्या हातांनी घराबाहेर जातंय, असं.

"या बटाट्याला तू इतकी अंघोळ घालतेस," काका म्हणाले, "की मला त्याच्यापुढे टॉवेल धरावासा वाटतो."

पहिले पंधरा दिवस असे विनोदावर गेले. मग विनोदही अळणी झाले. काकूंनी मिरपूड भाजून घातली. लसूण खरपूस करून घातला. लिंबू पिळलं, लिंबाची साल किसली, जिरं कुटलं, कांदा तासभर मंद आचेवर परतून त्याचा गोडवा काढला. काका दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे.

"लिंबू घातलं की अळणी जेवण आंबट अळणी लागतं. बाकी फरक काही नाही."

"अहो, निदान भात तरी संपवा."

"शिवणवालीला सगळ्या इमारतीच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगतेस. माझ्या पानात आलं की दोन्ही गायब!"

त्याच आठवड्यात शिवणवाली हसत वर आली. "काकू, काल काका बटण लावून घ्यायला आले होते. मी बटण लावेपर्यंत म्हणाले, एखादी काकडी आहे का गं? दिली. तर काकडी निमित्ताला हो! मिठाची वाटी पुसून खाल्ली त्यांनी." ती हसली. काकूंना हसू आलं नाही. एका सदऱ्याच्या बटणासाठी हा माणूस दोन जिने उतरून मीठ मागायला जातो आणि वर येऊन आपल्यापुढे पोट भरलंय म्हणतो, याने त्यांना भडभडून आलं. रागवावं तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी काकांच्या कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. खिळा तापवून काकूंनीच पाडलं. महिन्यात असं तिसरं. खाल्लं तर आजार वाढतो आणि नाही खाल्लं तर माणूस वाळतो. डोळ्यांदेखत वाळत होता.

तेव्हा काकू आयुष्यात पहिल्यांदा विचारायला बाहेर पडल्या. हातात पिशवी, पिशवीत चष्मा. मोठ्या दुकानात थंडगार हवेत रांगाच्या रांगा फिरल्या. तिथल्या मुलीला म्हणाल्या, "बाळा, मिठासारखं लागेल पण मीठ नसेल, असं काही मिळतं का गं?" मुलगी म्हणाली, "काकू, मसाल्यांचं तिकडे." औषधाच्या दुकानात विचारलं, तिथे त्यांना भुकेचं औषध दाखवलं. भाजीबाजारात एकीने वाळवलेल्या पाल्याची जुडी दिली, ती खारट नव्हती, नुसती कडू होती. चार दिवस ही वणवण. पाय दुखायला लागले. पण इतकी वर्षं आपण लोकांना उत्तरं दिली, तेव्हा जगात आपल्यापुरतं एक उत्तर असणारच, असं त्यांना आतून वाटत होतं. देव इतका कसा विसरेल?

शेवटी त्या नेहमीच्या किराणावाल्याकडे आल्या. तो म्हणाला, "काकू, एवढं लांबलचक कशाला सांगताय? पथ्याचं मीठ म्हणा की! कमी सोडियमचं येतं. रक्तदाबवाले सगळे तेच नेतात. माझी सासू तीन वर्षं तेच खातेय, अजून मला ओरडते म्हणजे बघा."

पथ्याचं मीठ! काकूंना तो शब्दच औषधासारखा लागला. पथ्यही आणि मीठही. पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, सोडियम कमी. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही होतं. पण चष्मा पिशवीत खाली गेलेला, आणि विचारायला दवाखाना होताच की.

घरी येऊन त्यांनी आधी दवाखान्यात फोन लावला. इतक्या शहाण्या होत्या. पलीकडे कुणी नर्स होती, मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"बाई, त्यांना पथ्याचं मीठ चालेल का?"

"पथ्याचंच द्यायचं, काकू. साधं अजिबात द्यायचं नाही. पथ्यात हयगय करू नका."

"म्हणजे पथ्याचं दिलं तर हरकत नाही ना?"

"तेच तर सांगतेय. पथ्याचंच द्या."

दोघी एकच शब्द बोलत होत्या. एकीच्या मनात पुडी होती, दुसरीच्या मनात कपाटाच्या दारावरचा कागद. पण हे कळायला दोघींपैकी एकीने तरी दुसरा शब्द वापरायला हवा होता. काकूंनी फोन ठेवला, हात जोडले, पुडी कापली, मीठ बरणीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि पुडीचा कागद खालच्या कचऱ्यात टाकून आल्या.

त्या दुपारी काकांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"अगं, हे काय केलंस?"

"का? काय झालं?"

"मीठ आहे यात!"

"पथ्याचं आहे. दवाखान्यात विचारलंय."

काकांनी ताट संपवलं. मग पातेल्यात डोकावून बघितलं आणि तेही संपवलं. मीठ मागून जरा कडवट लागत होतं, तेवढं काकूंनी लिंबाने मारलं. पथ्याचंच आहे म्हटल्यावर काटेकोर कशाला राहायचं? हात हळूहळू पुन्हा सैल झाला. सकाळी बटाटे त्याच भक्तीने भिजायचे, तीनदा पाणी बदलायचं, आणि दुपारी त्याच बटाट्यांवर दोन चमचे मीठ पडायचं.

ते अठरा दिवस काकूंच्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते, असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. काका जेवत होते. जेवणावरून कुरकुरत होते, म्हणजे जिवंत होते. शिवणवालीला त्यांनी जिन्यातून ओरडून सांगितलं, "तुझी मिठाची वाटी आता तुला लखलाभ!" काकूंनी फोनवर लेकीला सांगितलं, "बाबा सावरले बघ." लेक दूरच्या गावी नोकरीला. ती फोनवर रडली, आनंदाने.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी काका खुर्चीतून उठायला गेले आणि उठता येईना. "पाय माझे नाहीत असं वाटतंय," म्हणाले. चेहरा राखेसारखा. काकूंनी मनगट धरलं तर नाडी सापडून सापडेना. शिवणवालीचा नवरा आणि समोरचे दोघे, तिघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट खाली नेलं.

दवाखान्यात धावपळ झाली, सुया झाल्या, त्याच दिवशी यंत्रावर घ्यावं लागलं. जीव वाचला. संध्याकाळी तरुण डॉक्टर बाहेर आल्या आणि काकूंना बाजूला घेऊन खाण्यातलं एकेक विचारू लागल्या. केळं? नाही. नारळपाणी? नाही हो. फळांचा रस? नाही. भाज्या भिजवून?

"तीनदा पाणी बदलते मी," काकू म्हणाल्या. "मीठसुद्धा पथ्याचं घालते."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. "कुठलं मीठ?"

त्यांनी रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या काकूंना खुर्चीवर बसवून, समजावून, हळू आवाजात बोलल्या. त्या मिठात सोडियम कमी करतात, आणि त्याच्या जागी पोटॅशियम घालतात. धडधाकट मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. काकांची टाकू शकत नाहीत. ते रक्तात साचतं, मग हृदय अडखळतं. पुडीवर मागे लिहिलेलं असतं, मूत्रपिंडाच्या रोग्यांनी घेऊ नये.

 काकू म्हणाल्या, "म्हणजे मी बटाट्यातून जे धुऊन काढत होते, तेच चमच्याने घालत होते?"

 डॉक्टरांनी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि आत निघून गेल्या.

लेक आली. आल्या आल्या आईला मिठी मारून म्हणाली, "आई, तुझ्यामुळे नाही झालं हे. त्यांचा आजारच तसा होता." दुसऱ्या दिवशीही म्हणाली, तिसऱ्याही. काकूंना त्यातलं फक्त 'तुझ्यामुळे' ऐकू यायचं. एवढं वारंवार सांगावं लागतं, म्हणजे काहीतरी असणारच.

पुढचे पाच महिने आठवड्यातून तीन दिवस यंत्र. काकूंनी पथ्याच्या मिठाची बरणी फोडून टाकली. इमारतीत घरोघर गेल्या, 'तुमच्यात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते मीठ नको' म्हणून सांगून आल्या. कुणालाच तसा त्रास नव्हता. बायका म्हणाल्या, "बसा ना काकू," त्या बसल्या नाहीत. नंतर कुणी काही विचारायला आलं तर म्हणायच्या, "मला नाही गं ठाऊक. पुडीवर बघ." शिवणवालीने एकदा मुद्दाम खारट भाजी वर आणली, विचारायच्या निमित्ताने. काकूंनी चव घेतली नाही. "ओतून दे," म्हणाल्या. शिवणवालीने जिन्यात डोळे पुसले.

घरातही तेच. पूर्वी काका वाफेवरून पदार्थ ओळखायचे. आता ताट पुढे आलं की विचारायचे, "यात काय काय आहे?" आवाजात राग नव्हता, संशयही नसावा. भीती होती. चाळीस वर्षं ज्या हातचं डोळे मिटून खाल्लं, त्याच हातातल्या चमच्याकडे ते बघत बसायचे. काकू एकेक जिन्नस सांगायच्या, शाळेत मुलगी धडा म्हणून दाखवते तसा. ते कपाटाचं दार उघडून कागदाशी ताडून बघायचे आणि मग चार घास खायचे. काकूंना वाटायचं, यापेक्षा यांनी ताट अंगावर फेकावं.

हळूहळू काकांना यंत्रही सोसेनासं झालं. हातात सुई टोचायला शीर सापडेना. यंत्र सुरू झालं की रक्तदाब खाली जायचा. एक दिवस ते म्हणाले, "पुरे आता." लेक भांडली, रडली. काकू नुसत्या त्यांच्या पायाशी बसून राहिल्या. डॉक्टरांनी सगळ्यांशी बोलून घेतलं. निघताना त्या काकूंना म्हणाल्या, "आता पथ्य काही नको. त्यांना हवं ते द्या. आवडेल ते खाऊ दे."

काकूंना त्या वाक्याचा अर्थ दवाखान्याच्या फाटकाबाहेर आल्यावर कळला. त्या तिथेच भिंतीला टेकल्या. पाच-सहा महिने ज्या परवानगीसाठी जीव आटवला, ती अशी मिळाली.

घरी येऊन त्यांनी कपाटावरचा कागद काढला. तो फाटला, चार कोपरे दाराला चिकटून राहिले. शिवणवालीकडून वाटीभर साधं मीठ आणलं. बटाटे न भिजवता चिरले, टोमॅटो घातले, लसूण, मिरची, आणि मीठ.  किती घालायचं हे त्यांना आठवेना. ज्या हाताने कधी माप घेतलं नाही, त्या हाताने चमच्यात मीठ भरलं, काठ सुरीने सपाट केला आणि मग घातलं. स्वतः चव घेतली. बरोबर वाटली, पण स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. म्हणून लेकीला चाखायला दिली. लेक म्हणाली, "आई, बरोबर आहे गं." 

काकांना उशांना टेकवून बसवलं. दुपारचं ऊन खिडकीतून पायावर आलं होतं. काकूंनी भात कालवला.

"यात काय काय आहे?" काकांनी विचारलं.

"सगळं आहे," काकू म्हणाल्या. "मीठ आहे. साधं मीठ. आता पथ्य नको म्हणालेत."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं लोकांचे आकडे वाचलेला माणूस. त्यांना ते वाक्य वाचता आलं असणार. त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी घास दिला. त्यांनी तो सावकाश चावला, कितीतरी वेळ चावला, पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

"मीठ बरोबर पडलंय," ते म्हणाले.

काकूंनी दुसरा घास उचलला. काकांनी मान हलवली, नाही म्हणून.

"अहो, एक तरी घ्या."

"छान झालंय गं. भूकच नाही."

काकूंचा हात तसाच वर राहिला. लेकीने ताट उचलायला हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. लागेल त्यांना." आणि तो घास बोटांत धरून बसून राहिल्या. ऊन पायावरून जमिनीवर उतरलं, भात वाळत गेला, काकांचा डोळा लागला. लेकीने दोनदा हाक मारली. काकू ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होत्या, पण त्याच्याजवळ आता काय मागायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.